रूळ, बत्ती आणि पडदा : नाटक मंडळ्यांच्या जाळ्याची कथा

आपल्या संस्थेस आपण ‘मंडळ’ म्हणतो. त्याच्या सख्ख्या नात्यातला ‘मंडळी’ हा शब्द एके काळी नाटक कंपन्यांनी धारण केला होता. किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी ही नावे आजही आपल्या कानांत आहेत. परंतु ही नावे उच्चारताना आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो नट. त्याचे गाणे, त्याचे रूप, त्याला मिळालेले ‘वन्समोअर’. मराठी रंगभूमीचा इतिहासही बहुधा असाच नटांचा इतिहास म्हणून सांगितला गेला आहे. आमच्या मते तो अर्धाच आहे. आगगाडीचा रूळ, बत्ती, पडदा, तबकडी आणि परगावचा प्रेक्षक ही पात्रेही त्या नाटकात होती. त्यांची नावे मात्र हस्तपत्रकावर छापली गेली नाहीत.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. त्या वेळी प्रेक्षक म्हणजे दरबार आणि त्याचे पाहुणे. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आश्रय तुटला आणि भाव्यांना बाहेर पडणे भाग झाले. १८५३ साली ते मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ करीत होते. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. एकाच शहरात, एकाच वर्षी या दोन गोष्टी घडल्या. त्या वेळी कोणी त्यांचा परस्परसंबंध जोडला असेल असे वाटत नाही. परंतु पुढील ऐंशी वर्षे मराठी नाटक या दोहोंवर, तिकिटावर आणि रुळावर, उभे राहिले.

रूळ पुढे सरकत गेले. १८६३ मध्ये बोरघाट ओलांडला गेला, १८६७ मध्ये गाडी नागपुरास पोहोचली आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता मार्ग जोडला गेला. पारशी कंपन्यांनी याचा लाभ आधी उठविला. त्या दिल्ली, कलकत्ता आणि पुढे ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आल्या. अशाच एका पारशी कंपनीने पुण्यास लखनौच्या अमानतची उर्दू ‘इंद्रसभा’ केली. ती पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनाने घेतले की असे मराठीतही व्हावे, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. आपण ज्यास अस्सल मराठी मानतो त्या संगीत नाटकाची ठिणगी अशी लखनौ-मुंबई-पुणे या मार्गाने आली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दूरदेशी राहणाऱ्या आपणां मंडळींना आणखी एक गोष्ट सुखद वाटेल. खुद्द किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातले. भाऊराव कोल्हटकर बडोद्याचे. राम गणेश गडकरी जन्मले ते गुजरातेतील नवसारीस. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ १९०८ साली स्थापन झाली ती हुबळीस. दीनानाथ मंगेशकरांच्या कन्येचा, लताबाईंचा, जन्म १९२९ मध्ये इंदूरचा. मराठी रंगभूमी पुण्यामुंबईत जन्मली आणि मग आपल्यापर्यंत आली, ही समजूत सोडून दिली पाहिजे. ती मुळातच आपल्या अंगणातूनही गेलेली आहे.

मंडळीचा मुक्काम हलणे म्हणजे एक लहानसे गाव हलणे. नट, साथीदार, रंगपट सांभाळणारे, पडदे ओढणारे, आचारी, पाणके, गाण्याची तालीम घेणारे उस्ताद आणि घरदार सोडून आलेली लहान मुले, असा सारा संसार पेटाऱ्यांसह गाडीत चढे. इंदूरकडे जाणाऱ्यास खांडव्याला रुंद रूळ सोडून अरुंद रुळाची गाडी धरावी लागे. दक्षिणेकडे निघालेल्यास तोच प्रसंग पुण्यास येई. सर्व सामान एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावयाचे. पडदा गुंडाळता येतो, लाकडी महाल गुंडाळता येत नाही. रंगविलेल्या पडद्यांनी मराठी रंगभूमीवर इतकी वर्षे राज्य केले, त्यास सौंदर्यदृष्टीइतकीच ही मालवाहतूकही कारणीभूत असावी, असा आमचा तर्क आहे.

पडद्यास शोभा आली ती प्रकाशामुळे. भाव्यांच्या काळी मशाली आणि तेलाचे दिवे होते. पुढे किटसनच्या बत्त्या आल्या. दाबाखालच्या रॉकेलची वाफ करून ती मेंटलवर जाळावयाची, अशी त्यांची रचना. त्या झगझगीत उजेडात भडक रंग आणि ओबडधोबड कुंचला लपेना. चित्रकार चांगला लागू लागला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे असेच पडदे रंगविणारे कारागीर. ‘ललितकलादर्श’चे पडदे रंगविता रंगविता त्यांना हलत्या चित्रांचे वेड लागले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी नेटाने स्वतःच कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. दामले आणि फत्तेलाल याच शाळेत तयार झाले, व्ही. शांताराम लहानपणी काही काळ गंधर्व मंडळीत होते. १९२९ मध्ये ‘प्रभात’ उभारणारी ही माणसे नाटकाच्या पाठीमागच्या बाजूने आली होती.

या जाळ्याचे बळ एका रात्रीत दिसून आले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारले. त्या रात्रीच्या वैभवात एक मोठी उणीव होती : रंगमंचावर स्त्री नव्हती. केवळ स्त्रियांच्या मंडळ्या तोवर निघाल्या होत्या, पण त्यांना ती प्रतिष्ठा कोणी दिली नाही. बालगंधर्वांच्या शालूची आणि अंबाड्याची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, आणि तोच शालू नेसून एखादी स्त्री रंगभूमीवर उभी राहिली असती तर त्याच घरांनी दारे लावून घेतली असती. १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी आणि १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’मधून ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी ती वाट मोकळी केली, तोवर मंडळ्यांची संध्याकाळ झाली होती.

आधी तबकडी आली. रात्रभर रंगणारे पद सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागे, पण त्यामुळे ते नाटकाविना, मंडळीविना, कोठेही जाऊ लागले. मग १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागले. बोलपटाचा सारा पेटारा म्हणजे फिल्मचे काही डबे. त्याला आचारी लागत नाही, मुक्काम लागत नाही. नाटकगृहांच्या मालकांनी हिशेब केला आणि थिएटरे चित्रपटांना दिली. मंडळ्या नटांच्या उधळेपणामुळे बुडाल्या असे म्हणण्याची रीत आहे. उधळेपणा होता, कर्जेही होती. परंतु खेळ लावावयास थिएटरच न मिळाले तर काटकसरी मालक तरी काय करणार? १९३५ मध्ये बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. पडदे रंगविणाऱ्यांच्या वारसांनी नटसम्राटाला आपल्या पडद्यावर बोलावले, असेच म्हणावयाचे. तेथे त्यांचे मन रमले नाही. ते रंगभूमीकडे परतले, पण तोवर खालचे जाळे विरले होते.

नटांना चरित्रे लाभली. पडदे ओढणारे, बत्तीवाले, आचारी कोठे गेले, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. त्यांतील कित्येक ज्या गावी मुक्काम मोडला त्याच गावी राहिले असतील. वास्तूही टिकतातच असे नाही. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये कोल्हापुरात उभारलेले आणि पुढे केशवरावांचे नाव लाभलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीत भस्मसात झाले.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची एक विनंती आहे. आजोबा-पणजोबांच्या ट्रंकांत जुनी हस्तपत्रके, तिकिटे, पदांची पुस्तके, तबकड्या अथवा मंडळीच्या मुक्कामाचे एखादे छायाचित्र असल्यास ते मंडळाच्या ग्रंथपालांस दाखवावे. प्रत करून मूळ वस्तू परत देण्यात येईल. छायाचित्रात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे नाव कोणास ठाऊक असेल, तर ते मागील बाजूस पेन्सिलीने अवश्य लिहून आणावे.