दिवाडीहून रोमास : मातेउस द कास्त्रो

मांडवीच्या पात्रांतून वर जाऊं लागलें म्हणजे जुन्या गोव्याच्या समोर दिवाडी नांवाचें एक हिरवेंगार बेट दृष्टीस पडतें. या बेटावर एके काळीं सप्तकोटेश्वराचें प्रसिद्ध देवालय होतें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अमलांत तें उद्ध्वस्त झालें आणि देवाला नदीपलीकडे डिचोली महालांत नार्वें येथें आसरा मिळाला. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं याच बेटावर जन्मलेल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूलाहि नदी ओलांडून त्याच महालाचा आश्रय करावा लागला, हा योगायोग मोठा विलक्षण होय. त्याचें नांव मातेउस द कास्त्रो.

त्याचा जन्म १५९४ च्या सुमारास दिवाडींतील नावेली गांवीं झाला. घराणें ब्राह्मणाचें, परंतु धर्म ख्रिस्ती. बारदेशांत रेइश मागूश येथें फ्रान्सिस्कन पाद्र्यांचें विद्यालय होतें, तेथें तो शिकला. पोरगा बुद्धिमान्, लॅटिनांत तयार, आणि मनांत एकच इच्छा कीं आपण याजक व्हावें. विद्या होती, वृत्ति होती. आड आलें तें केवळ जन्मस्थान. त्या वेळीं गोव्याच्या आर्चबिशपाच्या गादीवर क्रिस्तोव्हांव द सा ए लिझबोआ हे होते. एतद्देशीय माणसाला याजकपदाची दीक्षा द्यावयाची नाहीं, असा त्यांचा निश्चय होता आणि तो त्यांनीं शेवटपर्यंत सोडला नाहीं.

हा केवळ एका माणसाचा हट्ट होता, असें मात्र समजूं नये. त्याच्या मागें व्यवहार होता. बारदेशांतील ख्रिस्तमंदिरें फ्रान्सिस्कनांच्या हातीं, तर साष्टींतील जेज्विटांच्या हातीं होतीं. एतद्देशीयांना थोडीबहुत दीक्षा मिळालीच, तर त्यांनीं गोऱ्या पाद्र्यांच्या हाताखालीं राबावें, लोकांची भाषा बोलून त्यांचें काम सुकर करावें, एवढीच अपेक्षा. गांवच्या ख्रिस्तमंदिराचा मुख्य म्हणून त्यांना नेमावयाचें, तर युरोपांतून आलेल्यांनीं जावें कोठें? धर्म स्वीकारतांना सर्व समान असल्याचें ज्यांना सांगण्यांत आलें होतें, त्यांच्या नातवांना वेदीशीं गेल्यावर ही समानता कोठें संपते तें कळून चुकलें.

दुसरा कोणी असता तर निमूटपणें घरीं बसला असता. मातेउसानें रोमचा रस्ता धरला. लिस्बनच्या गलबतांतून जाणें म्हणजे ज्यांनीं वाट अडविली त्यांच्याच परवानगीनें जाणें; म्हणून तो इराण आणि पश्चिम आशियाचा मुलूख तुडवीत खुष्कीनें गेला. हातीं पैसा नाहीं, पाठीशीं राजा नाहीं, अशा स्थितींत हा प्रवास करून १६२५ सालीं तो रोमांत दाखल झाला. त्या वेळीं त्याचें वय तीस-एकतीस वर्षांचें होतें.

वेळ मात्र त्याला अनुकूल लाभली. पूर्वेकडील धर्मकार्यावर पोर्तुगालच्या राजाचा ‘पाद्रोआदो’ म्हणजे आश्रयदानाचा हक्क चालत असे. बिशप कोण व्हावा हें राजानें सुचवावयाचें, पाद्र्यांनीं लिस्बनहूनच निघावयाचें, आणि खर्चहि राजानेंच सोसावयाचा, असा तो करार. जुन्या पोपांनीं उदार हातानें दिलेला हा हक्क पुढील पोपांना जाचूं लागला होता. त्यावर उपाय म्हणून १६२२ सालीं रोमांत ‘प्रोपागांदा फीदे’ ही धर्मप्रसाराची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिचा पहिला चिटणीस फ्रांचेस्को इंगोली हा मोठा धोरणी मनुष्य. ज्या देशांत धर्म रुजवावयाचा त्याच देशाचे याजक तयार केल्यावांचून तो टिकणार नाहीं, हें त्याचें ठाम मत. अशा माणसापुढें गोव्याचा हा नाकारलेला विद्यार्थी उभा राहिला. एकाला दीक्षा हवी होती, दुसऱ्याला आपल्या मताचें जिवंत उदाहरण हवें होतें! पांच वर्षें अध्ययन होऊन १६३० सालीं मातेउसाला रोमांत याजकपदाची दीक्षा मिळाली. मायदेशीं जें पदरीं पडलें नाहीं तें परमुलखांत मिळालें.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. १६३३ सालीं तो रोमचीं अधिकारपत्रें घेऊन गोव्यास परतला. तीं पत्रें खोटी माहिती सांगून मिळविलीं आहेत, असें म्हणून गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं तीं मानण्याचें नाकारलें. प्रत्यक्ष पोपची मोहोर गोव्याच्या वेशींत निरुपयोगी ठरली. मातेउस पुन्हा रोमास गेला. या खेपेस रोमनें असा डाव टाकला कीं लिस्बन थक्क व्हावें. १६३७ सालीं, फारसा गाजावाजा न करतां, त्याला क्रिसोपोलिसचा बिशप म्हणून अभिषेक करण्यांत आला. हें पद केवळ नांवाचें. खरें काम आदिलशाही मुलखाच्या ‘व्हिकर अपोस्टोलिक’चें होतें. म्हणजे जेथें पोर्तुगालच्या राजाचा अंमल नाहीं, तेथें पोपचा थेट प्रतिनिधि. लॅटिन पंथाचा पहिला हिंदी बिशप तो हाच.

डिचोली तेव्हां विजापूरकरांच्या राज्यांत होती. गोव्याच्या तटावरून दिसावी इतकी जवळ, आणि गोव्याच्या हुकुमाबाहेर. तेथें बसून या बिशपानें तरुणांना दीक्षा देण्यास आरंभ केला. गोव्यांत ज्यांना दार बंद होतें ते नदी ओलांडून येऊं लागले. गोव्याचे अधिकारी चवताळले, आणि या दीक्षा ग्राह्य नाहींत असा ओरडा सुरू झाला. एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. ज्यांना त्यानें दीक्षा दिली ते बहुधा ब्राह्मणच. १६५३ सालीं गोव्याच्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून त्यानें जें तिखट पत्र लिहिलें, त्याचें नांवच ‘ब्राह्मणांचा आरसा’. गोऱ्यांनीं केलेला भेद त्याच्या जिव्हारीं लागला. आपल्या समाजांतील भेद मात्र त्याला तितका टोंचला नाहीं. या दोषाबद्दल त्याला एकट्याला बोल लावणें अन्यायाचें होईल, पण तो झांकून ठेवणेंहि बरें नव्हे.

मधल्या काळांत त्याला आणखी एकदां रोम गांठावें लागलें, आणि इथिओपियाची कामगिरीहि त्याच्या गळ्यांत पडली. तेथें त्याला पाय रोवतां आले नाहींत. परत डिचोलीस आल्यावर संशयाचें वातावरण अधिकच दाट झालें. वेंगुर्ल्यास डच लोकांची वखार होती, विजापूरचें सैन्य १६५४ सालीं गोव्याच्या हद्दींत शिरलें, आणि या दोघांशीं संधान बांधून बिशप पोर्तुगीजांना हांकलूं पाहतो असा आरोप त्याच्यावर आला. चाळीस वर्षें झिडकारल्या गेलेल्या माणसाच्या मनांत राज्यकर्त्यांविषयीं प्रेम नव्हतें, यांत नवल तें काय? अखेर १६५८ सालीं तो रोमास परतला, तो कायमचाच. तेथेंच १६७७ सालीं, वयाच्या त्र्यायशींच्या घरांत, त्याचा अंत झाला.

त्याच्या हयातींतच काळ हळूहळू पालटत होता. १६६९ सालीं कुस्तोदिओ द पिन्यो या दुसऱ्या गोमंतकीयाला रोमनें त्याच धर्तीवर बिशप नेमलें. १६७६ सालीं, म्हणजे मातेउसाच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीं, बाणावलीच्या जुझे वाझ या ब्राह्मण तरुणाला खुद्द गोव्यांतच दीक्षा मिळाली. सिंहलद्वीपांत छुप्या वेषानें धर्मकार्य करणारा हाच पाद्री २०१५ सालीं संतपदास चढला. तरी वरच्या पदांचें दार पुढेंहि अर्धेंच उघडें राहिलें. लिस्बनला जाऊन वरिष्ठ पद मागणारे दोन गोमंतकीय पाद्री, कायतान फ्रांसिस्क कौतो आणि जुझे आंतोनिओ गोन्साल्विश, रिकाम्या हातांनीं परतले, आणि १७८७ सालीं उघडकीस आलेल्या पिंटोंच्या कटांत त्यांचींच नांवें पुढें आलीं.