लास्लो कान आणि हंगेरीचा पवित्र मुकुट

मध्ययुगीन हंगेरीत ट्रान्सिल्व्हेनियाचा राजनियुक्त प्रांताधिपती ‘व्हॉइव्होड’ म्हणून ओळखला जाई. लास्लो कान हा अशांपैकी अत्यंत प्रबळ व्हॉइव्होड होय. १३०१ मध्ये आर्पाड राजवंश संपुष्टात येऊन वारसासंघर्ष सुरू झाला. त्यातील एक दावेदार, बव्हेरियाचा ओटो, यास लास्लोने १३०७ मध्ये कैद केले व पवित्र मुकुट हस्तगत केला. परिणामी चार्ल्स रॉबर्टचा १३०९ मध्ये नव्या मुकुटाने झालेला राज्याभिषेक अपुरा ठरला. पोपच्या प्रतिनिधीने धर्मबहिष्कृत केल्यानंतर १३१० मध्ये लास्लोने मुकुट परत केला आणि २७ ऑगस्ट रोजी चार्ल्सचा पुन्हा राज्याभिषेक झाला. राजाची वैधता काही काळ त्याच्याच अधिकाऱ्याच्या हाती होती, हे यावरून स्पष्ट होते.