व्याकरण कोणासाठी?

व्याकरणाचे नाव काढले की आपल्यापैकी पुष्कळांना शाळेतली छडी आठवते. नामाची व्याख्या पाठ, सर्वनामाची व्याख्या पाठ, आणि चुकले की बाकावर उभे! त्यामुळे व्याकरण ही पंडितांनी पोरांच्या छळासाठी काढलेली युक्ती आहे, असाच आपला समज होऊन बसतो. तो कितपत खरा हे पाहायचे, तर मराठीची व्याकरणे मुळात कोणासाठी लिहिली गेली, तेथून सुरुवात केली पाहिजे.

१७७८ साली रोम येथे पोर्तुगीज भाषेत एक मराठी व्याकरण छापले गेले. ते धर्मोपदेशकांच्या सोयीसाठी होते. पुढे १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी आपले मराठी व्याकरण इंग्रजीत छापले. हे कॅरी मूळचे चांभारकाम करणारे. जोडे शिवता शिवता ते स्वतःच्या हिमतीवर भाषा शिकले, आणि पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनी सरकारच्या तरुण अधिकाऱ्यांना शिकवू लागले. त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. या पुस्तकाची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नियम देऊन ते थांबत नाही; रोजच्या विषयांवरचे संवादही त्याला जोडलेले आहेत. शिकणाऱ्याला उद्या माणसांशी बोलायचे आहे, हे कॅरी विसरले नाहीत.

त्यानंतर १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ निघाले. दादोबांचे उपकार मोठे आहेत. मराठीला स्वतःचे नियम आहेत, हे त्यांनी मराठीतच मांडून दाखवले. तथापि आता वाचणारा बदलला होता. हे पुस्तक ज्यांच्या हाती जाणार होते, त्यांना मराठी आधीच येत होती. ‘तो दगड, ती वीट, ते घर’ हे मराठी मूल शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच अचूक बोलते. व्याकरण त्याला नवे बोलणे देत नाही, बोलण्याला नाव देते. ते नाव देणेही मोलाचे आहे, पण त्याचा हेतू निराळा. आपल्या वर्गांत पुष्कळदा हा हेतू हरवला आणि व्याख्या तेवढ्या उरल्या.

हा घोटाळा आपल्याकडेच झाला असे नाही. युरोपात परकी भाषा शिकवतानासुद्धा आधी नियम, मग भाषांतर, आणि बोलणे जमले तर जमले, अशीच रीत होती. १८८२ साली जर्मनीत विल्हेल्म फीटोर यांनी टोपणनावाने एक पत्रक काढून या रीतीवर हल्ला चढवला. जिवंत बोलीपासून आरंभ करा, नियम उताऱ्यातून काढा, असे त्यांचे म्हणणे. त्याआधी चार वर्षे, १८७८ साली, अमेरिकेत मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी भाषांतराला फाटा देणारी शाळा उघडली होती. मात्र या लाटेत ‘व्याकरण नकोच’ असे म्हणणारेही काही निघाले. तेथे मात्र माझा मतभेद आहे, आणि तो पुस्तकातून आलेला नाही.

आमच्या युनियनच्या खोलीत आम्ही परप्रांतीय मजुरांसाठी रात्रीचा मराठी वर्ग चालवला. मी मोठ्या उत्साहाने ‘नाम म्हणजे काय’ येथून आरंभ केला. तीन आठवड्यांत निम्मा वर्ग रिकामा! मग मी व्याकरण गुंडाळून ठेवले आणि नुसते बोलणे सुरू केले. माणसे परत आली. अशात तेलंगणातून आलेला एक बांधकाम मजूर एक पावती घेऊन आला. तिच्यावर ‘रक्कम मिळाली’ असे लिहिले होते, आणि खाली त्याची सही. त्याला अक्षरे वाचता येत होती, ‘मिळणे’ हा शब्दही ठाऊक होता. पैसे मिळणार आहेत, असे समजून त्याने सही केली होती. ठेकेदाराने ती पावती पुढे केली, आणि दोन महिन्यांच्या मजुरीसाठी आम्हांला किती खेपा घालाव्या लागल्या ते आम्हीच जाणतो.

त्या रविवारी मी फळ्यावर दोनच शब्द लिहिले : मिळाली, मिळेल. मग दिली, देईल. झाले, होईल. भूतकाळ आणि भविष्यकाळ यांची व्याख्या मी सांगितली नाही; ती त्यांनीच मला सांगितली. एक जण म्हणाला, “मास्तर, एक हातातला पैसा, एक तोंडातला पैसा.” त्या रात्री वेळ संपली तरी कोणी उठेना.

श्रोतेहो, व्याकरण आधी की बोलणे आधी, हा वाद जुना आहे. मला वाटते, प्रश्नच थोडा चुकीचा आहे. शिकणारा कोण आणि त्याला ती भाषा कशासाठी हवी, हे आधी विचारावे. गरज उभी राहिली की नियम सांगावा. तो मग जन्मभर विसरत नाही. गरजेआधी सांगितलेला नियम ओझे होतो. आणि गरज असताना न सांगितलेला नियम? त्याची किंमत त्या मजुराने मोजली.