टर्कीची पिल्लं आणि आपला शेंगदाणा

माझ्या नोकरीची वर्षं अंधाऱ्या खोलीत गेली. शेंगदाण्याचा अर्क काचेच्या पट्टीवर चढवायचा आणि पट्टी अतिनील दिव्याखाली धरायची. आधी निळे ठिपके उमटत, कधी त्यांच्या खाली हिरवेही. अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाच्या बी आणि जी या प्रकारांची नावं इंग्रजीतल्या याच दोन रंगांवरून पडली आहेत. निळा ठिपका ठळक दिसला की छातीत धस्स व्हायचं, कारण न्हावाशेवा बंदराला निघालेला अख्खा कंटेनर त्या ठिपक्यावर अडायचा.

युरोप भुईमूग फार पूर्वीपासून घेतो. एकोणिसाव्या शतकात सेनेगलच्या शेंगा मार्सेलच्या बंदरात उतरू लागल्या, पुढे पाँडिचेरीहूनही जाऊ लागल्या. तिथल्या गिरण्यांना हवं होतं तेल, साबणासाठी आणि खाण्यासाठी. उरलेली पेंड जनावरांना.

त्या पेंडीनेच सगळं बदललं. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं मेली. रोग ओळखता येईना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ म्हणू लागले. माग काढत काढत शोध पोचला पिल्लांच्या खाद्यापर्यंत, आणि तिथून ब्राझीलहून बोटीने आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष निघालं. बुरशीच्या नावातली अक्षरं जोडून त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले.

पुढे देशोदेशी मर्यादा आल्या. युरोपीय संघाची सामाईक मर्यादा 1 जानेवारी 1999 पासून लागू झाली. थेट खाण्याच्या शेंगदाण्यात एका किलोला बी प्रकारातलं बी-1 दोन मायक्रोग्रॅम, आणि सगळे प्रकार मिळून चार. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा टन मालात वीस मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्याइतकं वजन! आमच्या व्यापाऱ्यांना हा जाच वाटे. मला कधी वाटला नाही. जे विष यकृताचा कर्करोग आणतं, त्याला दुसरं कोणतं माप लावायचं?

अडचण असते ती नमुन्याची. विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. शेकडो दाणे निर्मळ असतात आणि एकाच दाण्यात भरमसाट विष. म्हणून एकाच पोत्यात हात घालून भागत नाही, लॉटभर जागोजागचा माल थोडा थोडा काढून, एकत्र दळून मग तपासावा लागतो.

एकदा कारखान्यात नमुना घ्यायला गेले होते. ‘बोल्ड 50/60’चा माल चालू होता, म्हणजे एका औंसात पन्नास ते साठ दाणे. निवडणाऱ्या बायका पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. त्यांतल्या एका मावशींनी सुरकुतलेला, डाग पडलेला एक दाणा माझ्या तळव्यावर ठेवला. “बाई, ह्यो कडू लागतो बगा.” माझ्या तपासणीला दोन दिवस लागायचे ते त्यांच्या बोटांना आधीच कळलेलं असायचं. शेजारच्या शेडमध्ये, दाणा फुटू नये म्हणून, सोलायच्या यंत्रात घालण्याआधी शेंगांवर पाणी मारत होते. बुरशीला याहून मोठं आमंत्रण नाही. मी तसं लिहूनही दिलं. पाणी मारणं काही थांबलं नाही.

मावशींनी काढलेले दाणे कोपऱ्यातल्या पोत्यात पडत होते. ते कुठे जातात, मी विचारलं. “घाण्यावर.” घाण्यावर तेल निघतं, विष बहुतांशी पेंडीत उरतं आणि पेंड म्हशीपुढे येते. तिथून ते एम-1 या प्रकारात बदलून दुधात उतरतं. इंग्लंडच्या पिल्लांनी जे खाल्लं, ते आपण गोठ्यामार्गे घरात आणतो.

हे विष आपल्याकडे माणसंही मारून गेलं आहे. 1974 मध्ये बांसवाडा आणि पंचमहाल जिल्ह्यांत पावसात भिजून बुरसटलेला मका खाऊन 397 जण आजारी पडले, 106 दगावले. परदेशी जाणाऱ्या दाण्यासाठी इतकी निवड, आणि इथल्या माणसाच्या ताटात मात्र तिथे नाकारलेला माल, याचा मला अजून संताप येतो.

निदान आपल्या घरी तरी, उपासाला दाणे भाजण्याआधी ते ताटात पसरा. सुरकुतलेला, काळपट, बुरसट वासाचा दाणा बाजूला काढा, कुटात तर मुळीच जाऊ देऊ नका. आणि काढलेले दाणे म्हशीच्या घमेल्यात टाकू नका.