बंदूक आली, तरी धनुष्य सुधारतच राहिलं

आजची वस्तू तुम्ही ॲनिमेमध्ये नक्की पाहिली असेल. जपानी धनुष्य, म्हणजे युमी. लांबी साधारण २२१ सेंटिमीटर, सव्वासात फूट! आणि मूठ मध्यावर नाही, तर खालून साधारण एक तृतीयांशावर. पहिल्यांदा बघताना वाटतं, बनवणाऱ्याचं माप चुकलंय.

चुकलेलं नाही. तिसऱ्या शतकातल्या एका चिनी इतिहासग्रंथात जपानी लोकांच्या धनुष्याचं वर्णन सापडतं: लाकडी, खालची बाजू आखूड, वरची लांब. म्हणजे हा आकार किमान १७०० वर्षं जुना. पण आतला माल मात्र सतत बदलत आलाय. आजचा मुद्दा तोच आहे.

पहिलं व्हर्जन एकाच लाकडाचं. झाडाचा दांडा घ्यायचा आणि तासायचा. आता लाकूड वाकवलं की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. फार वाकवलं की काडकन मोडतं. मग लांबी वाढवली, म्हणजे ताण पसरतो. पण लांबी तरी किती वाढवणार? हेइआन काळात कारागिरांनी बाहेरच्या अंगाला बांबूची पट्टी चिकटवली, कारण बांबूचे तंतू ताण छान सोसतात. १२व्या शतकाच्या सुमारास आतल्या अंगालाही पट्टी आली. पुढे दोन्ही कडांनाही बांबू लागला. प्रत्येक वेळी जिथे धनुष्य कमी पडलं, तिथेच दुरुस्ती झाली.

मग १५४३ साल. तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले आणि जपानला त्यांची बंदूक मिळाली. हो, तेच पोर्तुगीज ज्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला होता. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदुकांनी ताकेदांच्या फौजेचा धुव्वा उडवला. आता वाटेल, संपली धनुष्याची गोष्ट.

पण नाही! क्योटोच्या सान्जूसान्गेन्दो मंदिराला साधारण १२० मीटर लांब ओसरी आहे. तिथे स्पर्धा व्हायची: एका टोकाला बसून दुसऱ्या टोकापार बाण पाठवायचा, वरच्या छपराला न लागता. १६८६ मध्ये वासा दाइहाचिरो नावाच्या तरुण सामुराईने २४ तासांत १३,०५३ बाण सोडले. त्यातले ८,१३३ पार गेले. मिनिटाला सरासरी नऊ बाण! अशा माणसाला धनुष्य कसं हवं? झटकन सुटणारं आणि दिवसभर दम न सोडणारं. सतराव्या शतकाच्या आसपास धनुष्याचा गाभाही बांबूच्या उभ्या कामट्यांचा झाला. म्हणजे आज आपण ज्याला 'पारंपरिक' म्हणतो, ते व्हर्जन युद्धातला मान गेल्यानंतरचं आहे.

ते बनतं कसं? बांबू थंडीत तोडतात, कारण तेव्हा त्यात रस कमी असतो. मग वाळवून शेकतात. गाभ्याच्या कामट्या, कडेला हाझे झाडाचं लाकूड, पुढे-मागे बांबूच्या पट्ट्या, आणि सगळं जोडायला जनावराच्या कातड्यापासून काढलेला सरस. सरस गरम असतानाच सगळं दोरीने आवळायचं, दोरीखाली बांबूच्या शंभरेक पाचरी ठोकायच्या आणि ठोकता ठोकता बाक द्यायचा. तोही उलटा, दोरी चढवल्यावर येणाऱ्या बाकाच्या विरुद्ध. सरस थंड झाला की खेळ संपला. इथे अनडू बटण नाही.

असं काम आजही मियाझाकी प्रांतातल्या मियाकोनोजो शहरात चालतं. जपानची बहुतेक बांबूची धनुष्यं तिथेच बनतात. पण शाळा-कॉलेजातली मुलं बहुधा फायबरग्लासचं धनुष्य वापरतात. ते स्वस्त असतं, आणि ऊन-पावसाची फारशी काळजी नाही. बांबूच्या धनुष्याचा आकार हवेनुसार हलतो. त्याला जपावं लागतं, वेळोवेळी दाबून सरळ करावं लागतं.

मग फायबरग्लास म्हणजे परंपरेचा शेवट, की पुढचं व्हर्जन? माझं मत सांगतो. माल बदलणं ही या धनुष्याची जुनीच सवय आहे, त्यामुळे फायबरग्लासवर माझा राग नाही. पण आधीचा प्रत्येक बदल पाचर ठोकणाऱ्या हातांनीच केला होता. या वेळी ते हातच बाजूला पडतायत. सरस किती वेळात थंड होतो हे बोटांना कळणारी माणसं संपली, तर डिझाइन उरेल, पण ते सुधारणारं कोणी उरणार नाही.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!