सर्वाधिक विजेतेपदे कोणाची? बिल रसेलच्या ११ अजिंक्यपदांचा हिशेब

अमेरिका आणि कॅनडातील प्रमुख व्यावसायिक लीगमध्ये एका खेळाडूने जिंकलेल्या अजिंक्यपदांचा उच्चांक ११ आहे. तो दोघांच्या नावावर आहे. पहिला बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा बिल रसेल, दुसरा मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाचा आंरी रिशार. रिशारला त्यासाठी २० हंगाम लागले, रसेलला १३. रिशार १९७५ मध्ये निवृत्त झाला. त्यानंतर या लीगमधला कोणताही खेळाडू ११ पर्यंत पोहोचलेला नाही आणि नजीकच्या काळात कोणी पोहोचेल असेही दिसत नाही. आजचे खेळाडू कमी पडतात असा याचा अर्थ नाही. मधल्या काळात खेळाची सगळी व्यवस्थाच बदलली.

रसेलचा जन्म १९३४ मध्ये लुइझियाना राज्यातल्या मन्‍रो गावी झाला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंडला स्थलांतरित झाले. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाकडून खेळताना त्याने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकून तो परतला तेव्हा एनबीएचा हंगाम आधीच सुरू झालेला होता. नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याच्यावर सेंट लुईस हॉक्सचा हक्क होता. सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑअरबाक यांनी एड मकॉली आणि क्लिफ हेगन हे दोन खेळाडू देऊन तो हक्क मिळवला. काही महिन्यांतच, एप्रिल १९५७ मध्ये, याच हॉक्सला हरवून सेल्टिक्स प्रथमच विजेते झाले. सातव्या आणि निर्णायक सामन्यात दोनदा जादा वेळ खेळवावा लागला आणि निकाल लागला १२५-१२३.

त्यानंतर १९५९ ते १९६६ अशी सलग आठ वर्षे आणि पुन्हा १९६८ व १९६९ मध्ये अजिंक्यपद बॉस्टनकडे गेले. १३ वर्षांत ते फक्त दोनदा हुकले. १९५८ च्या अंतिम फेरीत रसेलचा घोटा दुखावला होता. १९६७ मध्ये फिलाडेल्फियाने त्यांना वाटेतच रोखले.

रसेल गुण करण्यासाठी प्रसिद्ध नव्हता. त्याची सरासरी सामन्याला १५ गुणांची. त्याचा प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन याने १९६१-६२ च्या हंगामात सरासरी ५० गुण केले, एका सामन्यात तर १००. त्या वर्षीही विजेते सेल्टिक्सच होते. चेंबरलेनच्या सगळ्या कारकिर्दीत अजिंक्यपदे दोन. रसेलचे बळ बचावात होते. प्रतिस्पर्ध्याने बास्केटकडे टाकलेला चेंडू तो हवेतच अडवी, पण प्रेक्षकांकडे भिरकावून देत नसे. चेंडू मैदानातच राहील आणि शक्यतो आपल्याच खेळाडूच्या हाती पडेल इतकाच धक्का त्याला देई. तेवढ्यात त्याचे सहकारी पलीकडच्या बास्केटकडे धावत सुटलेले असत. म्हणजे एकाच हालचालीत समोरच्याचे दोन गुण वाचत आणि आपल्या दोन गुणांची सोय होई. गंमत अशी की एनबीएने अशा अडवणुकीची, म्हणजे ब्लॉकची, अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली ती १९७३-७४ मध्ये. रसेल त्याच्या चार वर्षे आधी निवृत्त झाला होता. ज्या कौशल्यावर ११ अजिंक्यपदे उभी राहिली, त्याचा आकडाच उपलब्ध नाही.

आता व्यवस्थेकडे वळू. १९५६-५७ मध्ये एनबीएत केवळ आठ संघ होते. आपल्या विभागात पहिला आलेला संघ थेट विभागीय अंतिम फेरीत जाई. त्यामुळे १९५७ मध्ये नियमित हंगामानंतर सेल्टिक्सला अजिंक्यपदासाठी सात सामने जिंकणे पुरले. आज संघ ३० आहेत, बाद फेरीच्या चार पायऱ्या आहेत आणि विजेत्याला १६ सामने जिंकावे लागतात. आठ संघांमुळे काम सोपे होते असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. देशातले सगळे उत्तम खेळाडू त्या आठांतच वाटले गेलेले असल्याने दुबळे संघ कमी होते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. त्या काळी करार संपला तरी खेळाडूला स्वतःच्या मर्जीने दुसरीकडे जाता येत नसे. बास्केटबॉलमध्ये ही मोकळीक खेळाडूंना प्रदीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९७६ च्या तडजोडीतून मिळाली. तोपर्यंत एकदा जमलेला चांगला संघ मालकाची इच्छा असेपर्यंत टिके. म्हणूनच रसेल एकटा नाही. त्याचा सहकारी सॅम जोन्सच्या नावावर १० अजिंक्यपदे आहेत. जॉन हॅवलिचेक, टॉम हाइनसन, के. सी. जोन्स आणि सॅच सँडर्स यांची प्रत्येकी आठ. त्या सेल्टिक्स पिढीबाहेरचा सर्वाधिक आकडा रॉबर्ट हॉरीचा, सात, आणि तेही तीन वेगवेगळ्या संघांकडून.

मॉन्ट्रियलची कथाही अशीच आहे. १९४२ ते १९६७ या काळात हॉकीच्या एनएचएल लीगमध्ये सहाच संघ होते आणि क्लब आपल्या आश्रयाखालच्या कनिष्ठ संघांतील मुलांवर आधीच हक्क राखून ठेवत. ११ पैकी पहिले पाच स्टॅन्ली कप रिशारने आपल्या पहिल्या पाच हंगामांत सलग जिंकले. पण त्याचे सर्वांत गाजलेले विजेतेपद १९७१ चे. अंतिम फेरी चालू असतानाच त्याने आपल्या प्रशिक्षकावर जाहीर टीका केली आणि शिकागोतल्या सातव्या सामन्यात बरोबरीचा व विजयाचा असे दोन्ही गोल त्यानेच केले. बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यँकीजच्या योगी बेराने १० वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली, तीही बाद फेरी नसलेल्या काळात. आपापल्या लीगमध्ये पहिले आलेले दोन संघ तेव्हा थेट अंतिम लढतीत उतरत.

या तिघांच्या तुलनेत अमेरिकन फुटबॉलमधील टॉम ब्रेडीचे सात सुपर बोल कमी वाटतील. पण ३२ संघांच्या, वेतनावर मर्यादा असलेल्या आणि खेळाडू सतत संघ बदलतात अशा लीगमध्ये ते मिळाले आहेत. शेवटचा सुपर बोल त्याने नव्या संघाकडून, वयाच्या ४३ व्या वर्षी जिंकला. आयपीएलमध्ये रोहित शर्मा आणि अंबाती रायुडू सहा-सहा विजेतेपदांवर आहेत, तिथे तर ठरावीक वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघच विस्कटतात.

युरोपीय फुटबॉलमध्ये मोजमाप पुन्हा बदलते. मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्जने १३ वेळा प्रीमियर लीग जिंकली. आकडा ११ पेक्षा मोठा, पण तिथे बाद फेरी नसते, वर्षभराच्या गुणांवर विजेता ठरतो. खंडातली सर्वोच्च स्पर्धा पाहिली तर पुरुषांत सहा विजेतेपदांचा उच्चांक रिअल माद्रिदच्या पाको खेंतोने १९६६ मध्येच गाठला होता. महिलांत ल्यों क्लबच्या वेंडी रेनारची चॅम्पियन्स लीग विजेतेपदे आठ आहेत. अशा याद्यांत महिला खेळाडूंची नावे सहसा दिसत नाहीत.

बॉस्टनला इतकी अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्या रसेलला त्या शहराने मात्र सहजासहजी आपले मानले नाही. शहराजवळच्या रेडिंग गावातल्या त्याच्या घरात घुसून लोकांनी भिंतींवर वर्णद्वेषी शब्द लिहिले, नासधूस केली. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला हॉटेलात कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना खायला देण्यास नकार मिळाला, तेव्हा रसेल आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडू सामना न खेळताच परतले. १९६६ मध्ये त्याच्याकडे प्रशिक्षकपदही आले. एनबीएतील तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. शेवटची दोन अजिंक्यपदे त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत जिंकली. १९७२ मध्ये त्याची ६ क्रमांकाची जर्सी निवृत्त करण्यात आली, तेव्हा त्याच्या आग्रहावरून तो समारंभ प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी, मोजक्या सहकाऱ्यांसमोर झाला.

त्याचा अखेरचा सामना १९६९ च्या अंतिम फेरीतला सातवा, लॉस एंजेलिसमध्ये. लेकर्सच्या मालकाने विजयोत्सवासाठी छताला हजारो फुगे टांगून ठेवले होते. बॉस्टनने १०८-१०६ असा विजय मिळवला आणि फुगे वरच राहिले. अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि तो मिळाला पराभूत लेकर्सच्या जेरी वेस्टला. ११ वेळा विजेत्या ठरलेल्या रसेलकडे तो पुरस्कार नाही. २००९ पासून त्या पुरस्काराला त्याचे नाव आहे.