जुना मस्करा, काजळ कधी फेकायचं?

किन्हीराजा असो की पुणे, लग्नघरात एकच काजळ तिघी-चौघींच्या डोळ्यांना लागतं आणि गेल्या वर्षीचा मस्कराही बाहेर निघतो. ब्रिटनमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये वापरातली ४६७ उत्पादनं तपासली. त्यातल्या ७९ ते ९० टक्क्यांमध्ये जिवाणू सापडले, ई. कोलायसुद्धा. सर्वात घाण निघाले ब्युटी ब्लेंडर. त्यातले ९३ टक्के कधी धुतलेच नव्हते!

पॅकवरची एक्स्पायरी डेट सीलबंद मालासाठी असते. उघडल्यावर पाहायचं ते उघड्या डबीचं छोटं चित्र. त्यात ‘६ एम’ असेल तर सहा महिने. मस्करा, लिक्विड आयलायनर तीन ते सहा महिन्यांतच बदला, कारण ब्रश प्रत्येक वेळी पापणीवरचे जिवाणू ओल्या नळीत नेतो. लिक्विड फाउंडेशन साधारण वर्षभर चालतं. कोरडी पावडर त्याहून जास्त टिकते.

वाळलेल्या मस्कऱ्यात पाणी घालू नका. त्याने प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात किट खिडकीत ठेवू नका. वास बदलला, तेल वेगळं झालं, की थेट कचऱ्यात. आणि २०२३ च्या पावसाळ्यासारखी डोळ्यांची साथ आली आणि तुमचे डोळे आले, तर तेव्हा वापरलेलं काजळ नवं असलं तरी फेकायचं.